बाबांच्या मागे मागे

बाबांनी चपला घालायला घेतल्या की धाकटा ताटावरून उठायचा. उरलेली भाकर हातात घेऊनच तो सपरीत यायचा आणि म्हणायचा, "बाबा, मी येऊ जी?" बाबा विचारायचे, "काऊन रे? मी काय जत्रेला चाललो का?" यावर त्याच्याकडे उत्तर नसायचं. सात वर्षांच्या पोराला खोटं जमत नव्हतं आणि खरं सांगायचं नाही असं आईने बजावलं होतं. मग तो नुसता मागे मागे चालायचा. बाबा वावरात गेले की हा वावरात. बाबा सोसायटीच्या दारात थांबले की हा समोरच्या लिंबाखाली. बाबा पानठेल्यावर बसले की हा ठेल्यामागे, मातीत रेघोट्या ओढत.

ही गोष्ट २००६-०७ च्या हंगामाची आहे. गाव मुकुटबन. झरी जामणी तालुक्यातलं, वणीहून दक्षिणेला, तेलंगणाच्या सीमेजवळचं. तेव्हा तिकडे अजून आंध्रच होतं. आमच्या गल्लीत फक्त शेतकरी नव्हते. कुणाचं दोन-तीन एकर कोरडवाहू वावर, कुणाचं मक्त्याने केलेलं. कुणी हंगामात जिनिंगवर सरकी-रुईची पोती ओढणारं, कुणी ट्रकवर, कुणी रोजाने निंदायला आणि वेचायला जाणारं. मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू अशा चार बोल्या एका नळावर ऐकू यायच्या. भिंतीला भिंत लागून घरं होती, त्यामुळे शेजारच्या घरात कोण जेवलं आणि कोण न जेवता झोपलं हे सगळ्यांना कळायचं. त्या वर्षी या गल्लीतल्या निदान चार-पाच घरांतून एकेक पोर कुणा ना कुणा मोठ्या माणसाच्या मागे असंच चालत होतं.

आमच्या घरात कामं वाटून दिलेली होती. दिवसा धाकट्याने बाबांच्या मागे राहायचं. रात्री आजी बाबांच्या बाजेपाशी अंथरूण टाकायची आणि मधून मधून मुद्दाम खोकायची. ती जागी आहे हे बाबांना कळावं म्हणून. माझ्याकडे औषध होतं. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. शाळेतून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला तो डबा मी शेजारच्या मोठ्या आईकडे नेऊन ठेवायची. मोठ्या आईच्या घरचा डबा तिसऱ्याच घरी असायचा. फवारणीच्या दिवशी सकाळी डबे आपापल्या घरी यायचे आणि संध्याकाळी पुन्हा फिरायचे. बायकांनी हे कधी बसून ठरवलं ते आम्हा पोरांना माहीत नाही. कुणाच्या तोंडून त्याचं कारणही कधी ऐकलं नाही. "ठेव बाप्पा तुझ्याकडे, आमच्याकडे उंदरं लई झाले," एवढंच आई म्हणायची, आणि मोठी आई "ठेव ना" म्हणायची.

आई त्या दिवसांत गोड करायची. हाताशी काहीच नव्हतं. पहिली पेरणी पावसाने दडी मारल्यामुळे गेली होती, दुबार पेरणीसाठी तिच्या कानातलं गेलं होतं. तरी कुठून तरी गुळाचा खडा आणून ती पुरण शिजवायची. आम्हाला सणाचा आनंद व्हायचा. बाबा ताटाकडे पाहून विचारायचे, "आज काय आहे?" आई म्हणायची, "काही नाही, पोरांनी पुरणपोळी मागितली." आम्ही मागितलेली नसायची, पण मान डोलवायचो.

बऱ्याच वर्षांनी, धाकटा कॉलेजला गेल्यावर, त्याने लॅपटॉपवर एक चित्रपट आणला. दिग्दर्शक सतीश मनवर, चित्रपट 'गाभ्रीचा पाऊस', साल २००९. त्या वर्षीच्या जानेवारीत तो हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर आपल्याकडे आला. मुकुटबनला थिएटर नाही, त्यामुळे आमच्यापर्यंत तो असा उशिरा, चौदा इंचांच्या पडद्यावर पोचला. लॅपटॉप धान्याच्या कोठीवर ठेवला आणि घरातले सगळे समोर बसलो. बाबाही बसले.

चित्रपटातलं गाव आमच्यासारखंच कापसाचं. सुरुवातीलाच गावातला एक शेतकरी जीव देतो. किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या मनात भीती शिरते की आपला नवराही असंच करील. मग ती त्याच्यावर पाळत ठेवते. छोट्या दिनूला बापाच्या मागे पाठवते, सासूला नजर ठेवायला लावते, आणि नवरा खुश राहावा म्हणून त्याच्या आवडीचं रांधते. किसना झाला आहे गिरीश कुलकर्णी, अलका सोनाली कुलकर्णी, आणि म्हातारी आई ज्योती सुभाष. किसनाच्या मनात मरणाचा विचार नाही. तो बिचारा पावसाच्या, बियाण्याच्या, पैशाच्या मागे धावतो आहे आणि घरचे त्याच्या मागे.

पहिल्या वीस मिनिटांतच आमच्या घरात हसू फुटलं. आधी धाकटा हसला, मग मी, मग आजी पदर तोंडाला लावून. पडद्यावर ते पोर बापाच्या मागे निघालं की आम्ही धाकट्याकडे पाहायचो. तिथली सासू दिसली की आजी म्हणायची, "ही मायासारखी खोकत नाही पण." आई मात्र हसली नाही. अलका चुलीपुढे बसून नवऱ्याच्या तोंडाकडे बघते तेव्हा आई उठून पाणी प्यायला गेली, आणि बराच वेळ मडक्यापाशीच उभी राहिली.

या चित्रपटाला लोक काळा विनोद म्हणतात. मरणाच्या सावलीतलं हसू अशा अर्थाने ते बरोबर आहे. पण हे हसू लेखकाने बाहेरून आणून घातलेलं नाही, हे आमच्यासारख्या घरांतल्या माणसांनी सांगितलं पाहिजे. आमच्या घरात ते होतंच. ज्याच्यावर जीव आहे त्याला धरून ठेवायचं आहे, पण धरलंय हे त्याला कळू द्यायचं नाही, असा पेच पडला की घरातला प्रत्येक जण नाटक करू लागतो. कामं नसताना कामं काढतो. उंदीर नसताना उंदरांची तक्रार करतो. सण नसताना पुरण शिजवतो. लांबून पाहणाऱ्याला ते हसण्यासारखं दिसतं आणि करणाऱ्याच्या पोटात गोळा असतो.

शीर्षकही आमच्याच तोंडातलं. गाभ्रीचा ही आमच्याकडची शिवी. पण ज्याच्यावर राग आणि माया एकाच वेळी दाटून येते त्यालाच ती दिली जाते. ऐन वेळी न आलेल्या बैलाला, उशिरा घरी आलेल्या पोराला, आणि पावसाला. तो येत नाही म्हणून शिवी, आणि वेचणीला आलेल्या कापसावर येतो म्हणूनही तीच शिवी.

त्या हंगामातली एक रात्र आमच्या गल्लीत अजून सांगितली जाते. दिवेलागण झाली आणि बाबा घरी नव्हते. धाकट्याला दुपारी ताप भरला होता, म्हणून तो मागे गेला नव्हता. आईने आधी सोसायटी पाहिली, मग पानठेला, मग मारुतीचा पार. तोवर ती काही न बोलताही गल्लीला कळलं होतं. माणसं बॅटऱ्या, कंदील, काठ्या घेऊन निघाली. कुणी विहिरीकडे गेलं, कुणी नाल्याकडे. मी आईचा हात धरून चालत होते आणि तिचा हात मला ओढत होता. आमच्या वावराच्या धुऱ्यावर वीस-बावीस माणसं एकदम पोचली आणि हाका सुरू झाल्या. तेव्हा मचाणावरून बाबांचा झोपेतला आवाज आला, "कोन हाय रे?" रानडुकरं पऱ्हाटी मोडून जात होती म्हणून ते राखणीला आले होते. डोळा लागला होता. निरोप द्यायला त्यांनी ज्या पोराला सांगितलं होतं ते पोर विसरून गेलं होतं.

वीस माणसं अंधारात मचाणाखाली उभी. का आलात, हे कोण सांगणार? एक जण म्हणाला, "डुकरं आले म्हणून ऐकलं, हाकलाले आलो." दुसरा म्हणाला, "हो, लई मोठा कळप होता." मग सगळ्यांनी मिळून खरोखर डुकरं हाकलली. डबे वाजवले, आरोळ्या ठोकल्या, वावराला दोन फेऱ्या मारल्या. त्या रात्री आमच्या वावरात एकही डुक्कर फिरकलं नाही. परत येताना कुणीतरी हसायला लागलं आणि मग सगळा जथा हसत हसत गल्लीत आला. आई सर्वांच्या मागे होती. ती रडत होती आणि हसतही होती.

मरणाला हसण्याची ही रीत आमच्याकडे चित्रपटाच्या कितीतरी आधीची आहे. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. एक जण मोठ्या आवाजात चार ओळी म्हणतो आणि शेवटी सारे मिळून महादेवाच्या नावाचा गजर करतात. त्या ओळींत सावकार असतो, पुढारी असतो, न आलेला पाऊस असतो, कापसाचा पडलेला भाव असतो. वर्षभर ज्यांच्यापुढे मान खाली घालायची त्यांची नावं घेऊन त्या दिवशी हसायची मुभा असते. २००६ च्या पोळ्याला झडत्यांमध्ये एक नवा शब्द आला होता: पॅकेज.

त्या वर्षी १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी नागपुरात विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं होतं. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. पॅकेजात व्याजमाफी होती, सिंचनाची कामं होती आणि अनुदानावरच्या दुधाळ संकरित गायीही होत्या. जिथे उन्हाळ्यात गावरान बैलाला कडबा पुरत नाही, तिथे त्या गायीला हिरवा चारा आणि खुराक कुठून आणायचा हा प्रश्न ज्याच्या दावणीला ती आली त्याच्यापुढे उभा राहिला. पोळ्याला त्या गायीवरही झडती झाली.

कागदाचं गणित याहून कठीण होतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर सरकार कुटुंबाला एक लाख रुपये देतं. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी चौकशी होते आणि प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं. जमिनीचा सातबारा हवा. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. फेडीचा तगादा लागलेला हवा. आमच्या गल्लीसारख्या वस्तीत हे जुळायचं कसं? मक्त्याने वाहणाऱ्याच्या नावावर जमीन नसते. बाई आयुष्यभर निंदते, वेचते, पण उताऱ्यावर तिचं नाव नाही. उसनवारी तोंडी असते, त्याची चिठ्ठीही नसते. पात्र आणि अपात्र हे दोन शब्द आमच्या पिढीने व्याकरणाच्या पुस्तकात नव्हे, गल्लीतल्या सुतकात शिकले.

यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला हे दुःख त्याच्याही वीस वर्षं आधी आलं होतं. १९ मार्च १९८६ ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. तो दिवस आजही अनेक जण अन्नत्याग करून पाळतात. आमच्या घरात मात्र त्याची चर्चा कधी झाली नाही. आजीला सगळं ठाऊक होतं, पण नाव काढलं तर ती गोष्ट उंबऱ्याच्या आत येईल असं तिला वाटायचं.

'गाभ्रीचा पाऊस'नंतर वर्षभरात, २०१० मध्ये, अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' आला. विषय जवळचाच, तोही काळ्या विनोदाचा. विदर्भ जनआंदोलन समितीने त्याला विरोध केला, कारण पैशासाठी माणूस मरायला निघतो असा समज त्यातून पसरेल अशी भीती होती. पैशासाठी कुणी मरत नाही, हे आमच्या गल्लीने जवळून पाहिलं आहे. मला त्या दोन चित्रपटांत एक फरक जाणवतो. 'पीपली'त कॅमेऱ्यांची गर्दी दाराबाहेर लोटते, आणि हसू त्या गर्दीवर आहे. 'गाभ्रीचा पाऊस' चुलीपाशी बसतो. तिथे हसू येतं ते मायेच्या धडपडीला. म्हणून तो पाहताना आम्हाला कुणी आमच्यावर हसतं आहे असं वाटलं नाही.

त्याच २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकावरून 'लालबाग परळ' केला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातल्या एका चाळीतलं घर कसं उसवत गेलं, त्याची ती कथा. तो पाहताना आजी म्हणाली होती, "आपलाच कापूस जात होता ना तिकडे?" वऱ्हाडचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांकडे जात होता, तेव्हा तिचं बोलणं खरंच होतं. पिकवणाऱ्याची गल्ली आणि विणणाऱ्याची चाळ दोन्ही मोडल्या, आणि दोन्हीकडे घर धरून ठेवायचं काम बायकांवर आणि पोरांवर पडलं.

त्या रात्री लॅपटॉप बंद झाल्यावर कुणी लवकर झोपलं नाही. चित्रपटाचा शेवट मी इथे सांगत नाही, ज्याने त्याने पाहावा. बाबा बाजेवर बसून बराच वेळ तंबाखू चोळत होते. मग ते म्हणाले, "मले माहीत होतं."

आई म्हणाली, "काय माहीत होतं?"

"सगळंच. डबा कुटी जात होता ते. माय काऊन खोकते ते. हा काऊन मागे येते ते." त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "धुऱ्याने वावर जवळ पडते. पण धुऱ्याने काटे. हा अनवाणी पळत याचा. म्हणून मी वर्षभर गाडीरस्त्याने गेलो, सावकाश. हा मागे राहू नये म्हणून."

घरात कुणी काही बोललं नाही. आम्ही वर्षभर त्यांच्यावर नजर ठेवली होती आणि तेवढंच वर्ष तेही आम्हाला सांभाळत होते. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, तो विचार खरंच होता की नव्हता, हे आम्ही त्यांना विचारलं नाही. एवढं मात्र कळलं, की मागे कुणीतरी चालतं आहे हे ठाऊक असलेला माणूस आपलं पाऊल त्याच्या चालीने टाकतो.

आता मुकुटबन बदललं आहे. गावाजवळ सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला. २०२२ पासून तो सुरू आहे आणि वर्षाला ३९ लाख टनांची त्याची क्षमता आहे. पलीकडे मार्की-मांगलीचा कोळसा. आमच्या गल्लीतली जी पोरं मोठ्यांच्या मागे चालत होती, त्यांतली काही आता पाळीत कामाला जातात, काही ट्रकवर आहेत, काही अजून कापूसच पेरतात. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले, तेव्हा गल्लीतले डबे पुन्हा चर्चेत आले. घरांच्या भिंतींमधे आता फट राहिली आहे. प्रत्येकाने आपापलं कंपाउंड घातलं आहे. शेजारी कोण जेवलं नाही हे आता लगेच कळत नाही, आणि मला याचीच काळजी वाटते.

गेलेल्यांची नोंद सरकारदरबारी आहे. प्रकरणं किती, पात्र किती, अपात्र किती, सगळं जिल्हावार लिहिलेलं आहे. पण जे राहिले, ज्यांना कुणाच्या खोकल्याने, कुणाच्या पुरणाने, कुणा अनवाणी पोराच्या पावलांनी धरून ठेवलं, त्यांचा रकाना कुठल्याही कागदावर नाही. ते काम करणाऱ्या आयांना आणि आज्यांना कुणी मोजलं नाही. 'गाभ्रीचा पाऊस' माझ्या लेखी मोठा चित्रपट आहे तो एवढ्यासाठी, की त्याने ते काम पाहिलं आणि दाखवलं.

आमच्या पिढीतल्या सगळ्यांना, गावात राहिलेल्यांना आणि पुण्या-नागपुराला गेलेल्यांना, माझं एक सांगणं आहे. घरातलं कुणी गप्प झालं असेल तर त्याच्या मागे चला, आणि आता त्याच्याशी उघड बोला. आम्हाला तेव्हा बोलता आलं नाही, ते धाडस आमच्या घरात नव्हतं. स्वतःच्या मनात तसे विचार येत असतील तर ते कुणाजवळ तरी बोला. घरात बोलणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.

बाबा आता सत्तरीला आले आहेत. वावर धाकटा पाहतो. सकाळी तो निघाला की बाबा चपला घालतात आणि त्याच्या मागे जातात, गाडीरस्त्याने.